दुधाची पिशवी धुतली, खिडकी मात्र बंदच राहिली

मे २०२५ मध्ये मुंबईत कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या आणि सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, पिशव्या परत धुवायला लागायच्या का? आणि भाजी किती वेळ बाहेर ठेवायची?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. पण या प्रश्नानं मला वाईट वाटलं. साथ येऊन पाच वर्षं झाली, तिच्यात माणसं गेली, लसी आल्या. तरी २०२० मध्ये आपण घरोघरी जे जे केलं त्यातलं कशानं फायदा झाला आणि काय उगाच केलं, हे आत्यासारख्या रोज पेपर वाचणाऱ्या बाईला कुणी नीट बसून सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

त्या वर्षी टाळेबंदीचा पहिला दिवस आणि गुढीपाडवा एकच होता, २५ मार्च. आत्याच्या दारात तेव्हा साबणाच्या पाण्याची बादली असायची. दूधवाला पिशवी स्टुलावर ठेवून मागे सरायचा. आत्या ती चिमटीत उचलून बादलीत बुडवायची, घासायची, मग साध्या पाण्यानं खळबळून फ्रिजमध्ये ठेवायची. मेथीच्या जुड्या, टोमॅटो, मिरच्या गॅलरीत जुन्या चादरीवर दुपारपर्यंत उन्हात. नोटांवरून इस्त्री फिरायची, सुटे पैसे डेटॉलच्या पाण्यात. त्याआधी महिनाभर कोंबडीनं कोरोना होतो या अफवेपायी राज्यातले कुक्कुटपालक पार खचले होते. १८ एप्रिलला तर सरकारनं घरोघरी वर्तमानपत्र टाकायलाच मनाई केली, पुढे ती ठरावीक भागांपुरती आणली.

आणि याच घरात, रस्त्याकडची खिडकी महिनोन् महिने बंद होती. दोन घरं सोडून एका मुलाच्या डाव्या हातावर गृह विलगीकरणाचा शिक्का बसला होता. "तिकडून वारा येतो," असं म्हणून आत्यानं खिडकीच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्या होत्या.

पिशवी घासणं आणि खिडकी लावणं, ही दोन्ही कामं एकाच काळजीतून झाली. रोग नेमका कुठून येतो याचं जे चित्र आपल्या डोक्यात बसवलं गेलं, ते अर्धवट होतं.

विषाणू पिशवीवर वाढत नाही

उन्हाळ्यात आमटी रात्रभर बाहेर राहिली की आंबते. तिच्यात जिवाणू वाढतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात. आपल्याला जंतू म्हटलं की हेच आठवतं, आणि म्हणून वाटतं की भाजीवर एक विषाणू पडला तर संध्याकाळपर्यंत सगळी जुडी भरून जाईल.

विषाणूचं तसं नसतं. तो म्हणजे 'माझ्यासारखेच आणखी बनव' एवढा निरोप लिहिलेली चिठ्ठी. कोरोनाच्या विषाणूत ही चिठ्ठी चरबीच्या पातळ आवरणात बंद असते आणि आवरणावर प्रथिनांचे खुंट असतात. ते खुंट आपल्या नाकाघशातल्या पेशींवर अडकतात, चिठ्ठी आत जाते, आणि मग पेशीच तिच्या नकला काढत बसते. पेशीच्या बाहेर, म्हणजे पिशवीवर, नोटेवर, टोमॅटोवर, नकला काढायला कुणीच नाही. तिथे पडलेला विषाणू वाळतो, त्याचं आवरण फाटतं, तासागणिक त्यांची संख्या फक्त कमी होते.

चरबीच्या आवरणामुळेच साबण त्याच्यावर चालतो. तुपाची वाटी नुसत्या पाण्यानं कितीही विसळा, बोट फिरवलं की ओशटच लागते. साबण लावला की तूप सुटतं, कारण साबणाच्या कणाचं एक टोक तेलातुपाला धरतं आणि दुसरं पाण्याला. विषाणूचं आवरणही साबण तसंच फोडतो. २० सेकंद हात चोळायला सांगत होते ते एवढ्यासाठी. सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही हेच काम करतं, साबणाहून सरस काही नाही. मार्च २०२० मध्ये सॅनिटायझरचा काळाबाजार इतका वाढला की केंद्र सरकारला २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. घरात नळाला पाणी असलेल्या लोकांनीही तेव्हा साबणाची वडी बाजूला ठेवून त्या बाटल्यांसाठी रांगा लावल्या. (भाजी मात्र साबणानं धुवू नये, तेव्हाही नाही आणि आताही नाही. पालेभाजीतून साबण पूर्ण निघत नाही आणि तो पोटात जातो.)

"प्लास्टिकवर ७२ तास जगतो" हे खोटं होतं का?

खोटं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं गेलं. १७ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी प्लास्टिक, स्टील, पुठ्ठा आणि तांबं यांवर विषाणूचं पाणी टाकून ठरावीक वेळानं तपासलं. तांब्यावर ४ तासांनंतर, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर जिवंत म्हणावा असा विषाणू सापडला नाही. प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांनंतरही सापडला. 'प्लास्टिकवर ३ दिवस' एवढाच मथळा आपल्यापर्यंत पोचला आणि दुधाच्या पिशव्या बादलीत गेल्या.

किती सापडला, हे मथळ्यात नव्हतं. सुरुवातीला दर मिलिलिटरमागे सुमारे ५,००० च्या घरात असलेलं मोजमाप ७२ तासांनंतर ४ च्या आसपास आलं होतं. साधारण दर ७ तासांनी निम्मा, असा तो हिशोब. शिवाय प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू टाकलेला असतो. दूधवाल्याचा हात पिशवीला लागतो तेव्हा तसं काही होत नाही.

आणि पिशवीवर विषाणू असला तरी तेवढ्यानं भागत नाही. तो बोटाला चिकटायला हवा, बोटावर टिकायला हवा, ते बोट नाकाला किंवा डोळ्याला लागायला हवं, आणि तोवर पेशी धरण्याइतका विषाणू शिल्लक राहायला हवा. विहिरीवरून ओंजळीत पाणी आणण्यासारखंच आहे हे. निघताना ओंजळ भरलेली असते, पण घरी पोचेपर्यंत किती उरतं? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सगळा अभ्यास पाहून सांगितलं की विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागला तर त्यातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त १ हून कमी.

मग आत्याची मेहनत मूर्खपणाची होती का? अजिबात नाही. मार्च २०२० मध्ये हे आकडे कुणाकडेच नव्हते. माहीत नाही अशा गोष्टीपासून घरातल्यांना वाचवायला तिनं हाताशी असलेला साबण वापरला. माझा राग आहे तो पुढच्या वर्षभरावर. आकडे आले तरी दुकानांच्या दारात सॅनिटायझरचे फवारे आणि कपाळावर रोखलेली तापमापकं तशीच राहिली. ताप यायच्या दोन दिवस आधीपासून माणूस हा रोग पसरवू शकतो, हेही तोवर कळून चुकलं होतं.

तेलाचे शिंतोडे आणि मिरचीचा ठसका

आता मुख्य गोष्ट. आपण बोलतो, खोकतो, गातो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा तोंडानाकातून ओलसर कण बाहेर पडतात. ते सगळे एका मापाचे नसतात. फोडणीचं उदाहरण घ्या. तापलेल्या तेलात मोहरी टाकली की तेलाचे शिंतोडे उडतात. ते ओट्यावर पडतात, फार तर हातावर. दोन पावलं मागे सरलात की सुटलात. पण त्याच तेलात सुकी मिरची जरा जास्त जळली की ठसका उठतो. तो ओट्यापाशी थांबत नाही. माजघरात अभ्यासाला बसलेलं पोर खोकायला लागतं, वरच्या मजल्यावरची बाई दार लावून घेते. फोडणी उतरवून दहा मिनिटं झाली तरी तो घरात असतो.

तोंडातून पडणाऱ्या मोठ्या थेंबांचं वागणं शिंतोड्यांसारखं. बारीक कणांचं वागणं ठसक्यासारखं. या बारीक कणांना शास्त्रात एरोसोल म्हणतात, मी यापुढे त्यांना तरंगते कण म्हणेन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १०० मायक्रॉनचा थेंब तोंडाच्या उंचीवरून पाचएक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतही तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास लागतो, आणि माणसं वावरणाऱ्या खोलीत हवा स्थिर कधीच नसते. जानेवारीत पहाटे एसटी स्टँडवर बोलणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर वाफ दिसते, आठवून पाहा. ती वाफ एरवीही निघतच असते, फक्त दिसत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गाठ सुटते. बऱ्याच डॉक्टरांचं तेव्हा म्हणणं होतं की लागण जवळच्या माणसांनाच जास्त होते, म्हणजे ती थेंबांनीच होत असणार. पण ठसका सगळ्यात जास्त कुणाला लागतो? कढईपाशी उभ्या असलेल्या बाईलाच. तरंगणाऱ्या गोष्टीही उगमापाशी दाट आणि लांब विरळ असतात. जवळ लागण जास्त, एवढ्यावरून ती हवेतून होत नाही असं ठरत नाही. दोन हात अंतर ठेवायचा सल्ला चांगला होताच, पण दारंखिडक्या बंद असलेल्या खोलीत तासभर बसलं तर त्या अंतराचा फारसा उपयोग राहत नाही.

१० मार्च २०२०, एक गाण्याची तालीम

त्या दिवशी आपल्याकडे धुळवड होती. आदल्या दिवशीच पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते. त्याच तारखेला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका हौशी गायनमंडळाची संध्याकाळची तालीम झाली. ६१ जण आले. साथीची कुणकुण असल्यामुळे कुणी हस्तांदोलन केलं नाही, मिठ्या मारल्या नाहीत, दारात सॅनिटायझर ठेवलं होतं. अडीच तास गाणं झालं. त्यातल्या एकाला तीन दिवसांपासून सर्दीसारखं वाटत होतं.

पुढच्या काही दिवसांत त्या ६१ पैकी ५३ जण आजारी पडले. दोघांचा मृत्यू झाला.

एका माणसानं ५२ जणांच्या हाताला हात लावला असेल, किंवा सगळ्यांच्या तोंडासमोर जाऊन खोकला असेल, असं मानायला जागा नाही. ते सगळे एका खोलीत एकच हवा आत ओढत होते, तीही गाताना घेतात तशी खोल. मोठ्यानं बोलताना, गाताना तरंगते कण कितीतरी पटींनी जास्त बाहेर पडतात. बंद सभामंडपातलं भजन, कोंदट हॉलमधलं लग्न, शाळेतला पाढ्यांचा तास, हे सगळं मला ही हकीकत वाचताना डोळ्यासमोर आलं. पाच वर्षांनंतरही मला कुणी एकच पुरावा मागितला तर मी हाच देते.

मग जाणकारांनी तेव्हाच का सांगितलं नाही?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाळून पुढे जाऊ नये. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठासून सांगितलं की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन या हवेतल्या कणांच्या अभ्यासकांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यानं खुलं निवेदन दिलं की हवेतून होणारा प्रसार मान्य करा. संघटनेची भाषा बदलत गेली, पण फार हळूहळू. आपल्याकडे केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं तरंगते कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, घरं हवेशीर ठेवा, असं स्पष्ट पत्रक काढलं ते मे २०२१ मध्ये. तोवर दुसऱ्या लाटेनं घरं रिकामी केली होती.

यामागे शंभर वर्षांची एक समजूत होती. एकोणिसाव्या शतकात रोग 'दूषित हवेनं' होतात असं मानत. जंतूंचा शोध लागल्यावर तो विचार मागे पडला, आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. हवेतून काही पसरतं म्हणणं म्हणजे मागासलेपण, असं डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं. त्यात भर म्हणून एक आकडा चुकला. पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असायचं की ५ मायक्रॉनहून मोठा कण लगेच खाली पडतो. १९३४ मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकांनी मांडलेली सीमा मात्र १०० मायक्रॉनच्या आसपासची होती. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शास्त्रज्ञ लिन्सी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीच्या दिवसांत जुनी कागदपत्रं धुंडाळून हा ५ चा आकडा कुठून आला ते शोधलं. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या तळाशी पोचायला ५ मायक्रॉनहून बारीक कणावर असावे लागतात, तो हा आकडा. आत खोल कोण जातो, याचं उत्तर हवेत कोण तरंगतो, या प्रश्नाखाली लिहिलं गेलं, आणि पुस्तकामागून पुस्तकात उतरत राहिलं.

पुणेकरांना असा प्रकार नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये घरं उपसली, सामान जाळलं, भिंतींना चुना फासला. प्लेग उंदराच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमोन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं ते १८९८ मध्ये. मात्र घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपडी बांधायची, एवढं लोकांना अनुभवानं कळलं होतं, आणि त्यानं जीव वाचत होते. त्याच १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये राज्यात लागू झाला. क्षयाच्या बाबतीतही आपल्याकडची जुनी आरोग्यधामं मोठमोठ्या खिडक्यांची, लांब व्हरांड्यांची बांधलेली दिसतात. क्षयरोग्याच्या घरच्यांना "खिडक्या उघड्या ठेवा" असं सांगणारे डॉक्टर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. हेच कोरोनाच्या बाबतीत सांगायला इतका उशीर व्हावा, याचं मला अजून दुःख होतं.

"खिडकी उघडली तर शेजारच्यांचा विषाणू आत येईल ना?"

आत्याच्या चिंध्यांमागची भीती हीच होती, आणि माझ्या वर्गातली मुलंही हे विचारतात. चमचाभर मीठ वाटीभर आमटीत पडलं तर ती तोंडात घालवत नाही. तेवढंच मीठ विहिरीत टाकलं तर पाण्याची चव बदलते का? विषाणूच्या बाबतीत 'आहे की नाही' यापेक्षा 'किती आहे' याला महत्त्व असतं. शेजारच्या घरातून बाहेर पडलेली हवा मोकळ्या आभाळात विरून जाते, वाऱ्यानं पांगते, उन्हानं तिच्यातला विषाणू मरतो. तुमच्याच घरातला माणूस आजारी असेल आणि खिडक्या बंद असतील, तर त्याचा श्वास मात्र त्या वाटीभर हवेत साठत जातो.

२०२० च्या सप्टेंबरात आत्याकडे हेच झालं. काकांना ताप आला. त्यांना आतल्या खोलीत झोपवलं, गार वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, दार लोटून घेतलं. आत्या ताट नेताना हात धुवायची, आणताना धुवायची, ताटवाटी गरम पाण्यात उकळायची. पण त्यांच्या उशाशी, त्या कोंडलेल्या हवेत, ती अर्धा अर्धा तास बसायची, कारण त्यांना एकटं वाटायचं. पाचव्या दिवशी तिलाही ताप आला. दोघंही बरे झाले. तिला अजून वाटतं की तिचे हात धुवायचे राहिले असतील कधीतरी.

घरचा पंखा आणि एसी यांबद्दलही गैरसमज आहेत. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. घरातला भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. २४ जानेवारी २०२० ला चीनमधल्या ग्वांगझूच्या एका बिनखिडक्यांच्या उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले मिळून १० जण बाधित निघाले. त्यातला एकच बाहेरून आजार घेऊन आला होता. एसीचा झोत त्या तीन टेबलांमध्येच फिरत होता. प्रवासात खिडक्यांच्या काचा सरकवलेली आपली लाल एसटी बंद काचांच्या गारेगार बसपेक्षा या बाबतीत सरस आहे, खडखडाट कितीही होवो.

खोलीतली हवा बदलते की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. उदबत्ती लावा, विझवा आणि वास किती वेळ रेंगाळतो ते बघा. दहा मिनिटांत गेला तर ठीक. तासाभरानंही तसाच असेल तर त्या खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो आहे. समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडली तर फार फरक पडतो. एकच खिडकी असेल तर टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून लावा, म्हणजे तो आतली हवा बाहेर ढकलेल.

विषाणू इतका बारीक, मग मास्क कसा अडवणार?

विषाणू ०.१ मायक्रॉनचा, आणि कापडाच्या विणीतली भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. मग मास्क म्हणजे डासांसाठी क्रिकेटची जाळी नाही का? पहिली गोष्ट, विषाणू एकटा उडत नाही, तो लाळेच्या, श्लेष्माच्या कणात बसून येतो, आणि तो कण बराच मोठा असतो. दुसरी गोष्ट, मास्क चाळणीसारखं काम करत नाही. करवंदीच्या जाळीत सावरीचा कापूस उडून आला तर काय होतं? जाळीतल्या फटी त्या कापसापेक्षा मोठ्या असतात, तरी तो काट्यांना, पानांना अडकतोच, कारण सरळ आरपार वाट कुठेच नसते. मास्कच्या आतले धागे असेच एकमेकांत गुंतलेले असतात. एन-९५ मध्ये तर धाग्यांवर विद्युतभार असतो, केसांना घासलेला फुगा कागदाचे कपटे ओढतो तसे ते कण ओढून घेतात. म्हणूनच एन-९५ साबणानं धुवायचा नसतो. धुतला की तो भार जातो. २०२० मध्ये महाग पडतात म्हणून किती घरांत ते मास्क धुऊन दोरीवर वाळत घातले जात होते!

कापडी मास्क कमी अडवतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. नाकाच्या बाजूला फट राहिली तर मात्र हवा तिथूनच जाते, कारण तिला सोपी वाट हवी असते. चष्म्यावर वाफ धरली की फट आहे असं समजावं.

दहा बाय दहाच्या खोलीत

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहराच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे त्यांना लागण होऊन गेलेली होती. बाहेरच्या इमारतींमध्ये हेच प्रमाण १६ टक्के होतं.

ते लोक बेफिकीर होते म्हणून असं झालं नाही. आठजण एका खोलीत राहतात, एकच खिडकी असते आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडते, शौचालय शंभर जणांत एक. 'सहा फूट अंतर ठेवा' हा सल्ला तिथे द्यायचा कसा? हवेतला रोग आहे असं सुरुवातीलाच मान्य झालं असतं, तर सार्वजनिक शौचालयात हवा बाहेर फेकणारे पंखे, गल्लीवरच्या खोल्यांना झरोके, शाळांच्या वर्गांना समोरासमोर खिडक्या, यांवर पैसा गेला असता. रस्त्यांवर औषध फवारणाऱ्या टँकरांवर आणि माणसांना भिजवणाऱ्या निर्जंतुकीकरण बोगद्यांवर नाही. ते बोगदे तर एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं अपायकारक म्हणून बाद ठरवले होते. माझ्या शाळेत आजही वर्गाच्या एका बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद आहेत, रस्त्याचा आवाज येतो म्हणून. हिवाळ्यात एकाला सर्दी झाली की आठवड्यात अर्धा वर्ग गैरहजर.

आत्याला काय सांगितलं

पिशवी धुवायचीच असेल तर साध्या पाण्यानं धू, धूळमाती असते म्हणून. भाजी नेहमीसारखी वाहत्या पाण्याखाली. हात साबणानं धुणं सोडू नकोस, कारण जुलाब, कावीळ, साधी सर्दी यांच्यासाठी ते लागतंच. घरात कुणाला ताप-खोकला आला तर त्याची खोली वेगळी कर, पण तिची खिडकी उघडी ठेव, वाटल्यास त्याला शाल दे. खोलीचं दार घराच्या बाजूनं लाव. आत जाताना तू आणि तो, दोघंही नीट बसणारा एन-९५ लावा. गप्पा मारायच्या तर खिडकीपाशी बसून मारा. काकांना मधुमेह आहे, तेव्हा ताप आला की डॉक्टरांना लगेच कळवायचं, आणि घरात ऑक्सिमीटर आहे त्यात आकडा ९४ च्या खाली आला तर थांबायचंच नाही. गर्दीच्या बंद हॉलमधलं लग्न असेल तर मास्क लावून जा, कुणी काही म्हणालं तरी.

ती सगळं ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे तेव्हा यांच्यापासून मला झालं ते माझे हात नीट धुतले नव्हते म्हणून नाही?"

"नाही गं आत्या. हात तू छान धुतले होतेस."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ लांबून कडी ठोकल्याचा. आतल्या खोलीची खिडकी पाच वर्षांत गंजून बसली होती. काका म्हणत होते, "थांब, गोडं तेल घेऊन येतो."